व्हार्मिंट रायफल : वेग आणि अचूकता

शेतीला व कुरणांना उपद्रव देणारे लहान प्राणी लांबून टिपण्यासाठी घडवलेल्या रायफलला व्हार्मिंट रायफल म्हणतात. हा प्रकार मुख्यतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत वाढला. प्रेअरी डॉग व ग्राउंडहॉग हे खारीच्या कुळातले प्राणी, जमिनीत बिळे करणाऱ्या खारी आणि लांडग्यासारखा कायोटी ही तिची नेहमीची लक्ष्ये. मागच्या पायांवर उभ्या राहिलेल्या प्रेअरी डॉगच्या अंगाची रुंदी जेमतेम हाताच्या पंजाएवढी असते आणि माळावर तो बहुधा २००–३०० मी. अंतरावरूनच दिसतो. लक्ष्य एवढे लहान, अंतर एवढे मोठे आणि तेही डोळ्यांच्या अंदाजाने ठरवलेले. या अडचणीतून व्हार्मिंट रायफलची सगळी रचना निघाली आहे.

अचूकता मोजण्याचे रूढ एकक म्हणजे कोनीय मिनिट, अर्थात अंशाचा साठावा भाग. १०० मी. अंतरावर त्याची रुंदी २.९ सेंमी. आणि ३०० मी. वर ८.७ सेंमी. भरते. म्हणजे एका कोनीय मिनिटाच्या रुंदीत गोळ्या बसवणारी रायफल ३०० मी. वर जवळजवळ प्राण्याच्या रुंदीएवढा विखुर देते, आणि नेमबाजाच्या चुकीला जागाच उरत नाही. म्हणून या प्रकारात अर्ध्या मिनिटाची अपेक्षा धरली जाते. मोठ्या जनावरांच्या शिकारीत एवढी बारीक मागणी सहसा नसते.

वेग कशासाठी? गोळी नळीतून सुटताच खाली येऊ लागते. पाव सेकंदात ती सुमारे ३१ सेंमी. खाली येते, अर्ध्या सेकंदात सुमारे १२२ सेंमी. वेळ निम्मी झाली की घसरण चौथाईवर येते. त्यामुळे वेगवान गोळीचा मार्ग इतका सपाट असतो की अंतराचा अंदाज ३०–४० मीटरांनी चुकला तरी नेम फारसा ढळत नाही. लेझर अंतरमापक येण्यापूर्वी हा फायदा फार मोलाचा होता. आज अंतर बटण दाबताच कळते, त्यामुळे निव्वळ सपाट मार्गासाठी वेगामागे धावण्याचे कारण पूर्वीइतके जोरकस राहिलेले नाही.

या वेगाच्या शोधाला १९१५ मध्ये आलेल्या .२५०-३००० सॅव्हेज या काडतुसाने मोठी चालना दिली (काडतुसाच्या नावातला दशांश आकडा नळीचा अंदाजे व्यास इंचांत सांगतो). चार्ल्स न्यूटन यांच्या या रचनेत ८७ ग्रेनची (५.६ ग्रॅम) गोळी सेकंदाला ३,००० फूट, म्हणजे ९१४ मी. वेगाने सुटे. १९३० च्या सुमारास .२२ हॉर्नेट बाजारात आले आणि १९३५ मध्ये विंचेस्टर कंपनीने .२२० स्विफ्ट आणले. ४८ ग्रेनच्या (३.१ ग्रॅम) गोळीला त्याने ४,११० फूट, म्हणजे सुमारे १,२५० मी./से. वेग दिला. कारखान्यात तयार झालेल्या काडतुसाने ४,००० फुटांची मर्यादा ओलांडण्याची ही पहिलीच वेळ. पुढे .२२-२५० रेमिंग्टन (१९६५), .१७ रेमिंग्टन (१९७१) आणि .२०४ रुगर (२००४) आली. यांतील .२२-२५० हे मुळात सॅव्हेजच्याच काडतुसाचे तोंड आवळून हौशी बंदूककारांनी बनवलेले होते. कंपनीने ते कित्येक वर्षांनी अधिकृत केले.

वेग मिळवण्याची रीत वरवर सोपी आहे: काडतुसाचे कवच मोठे, नळी अरुंद, गोळी हलकी, दारू सावकाश जळणारी आणि नळी लांब (साधारण ६१–६६ सेंमी.). पण दारू वाढवत नेली की लाभ झपाट्याने आटतो, कारण जळालेल्या दारूचा वायूही नळीतून पुढे ढकलावा लागतो आणि बरीच ऊर्जा त्यातच खर्च होते. बंदूककार पी. ओ. ॲकली यांनी .३७८ वेदरबी मॅग्नमचे राक्षसी कवच .२२ च्या गोळीवर आवळून पाहिले. हेतू ५,००० फुटांचा होता. ५० ग्रेनच्या गोळीला मिळाले सुमारे ४,६००. या काडतुसाचे थट्टेने ठेवलेले नाव ‘इअरगेस्प्लिटन लाउडनबूमर’ मात्र वेगापेक्षा जास्त टिकले.

अतिवेगाची किंमत नळी मोजते. कवचाच्या पुढे जिथे नळीतल्या पिळदार खाचा सुरू होतात तो भाग प्रत्येक बाराला तप्त वायूच्या झोतात सापडतो. तिथल्या पोलादावर मगरीच्या कातडीसारख्या बारीक भेगा पडतात, पुढे धातू झिजतो आणि विखुर वाढत जातो. स्विफ्टची ‘नळीखाऊ’ अशी बदनामी यातूनच झाली. ती काहीशी अन्यायाची म्हणावी लागेल, कारण नळी तापलेली असताना न थांबता बार काढत राहिल्यास कोणतेही मोठे काडतूस तेच करते. व्हार्मिंट रायफलची नळी जाड ठेवतात ती यासाठी: जाड नळी सावकाश तापते, कमी थरथरते आणि तापल्यावरही नेम लवकर सरकू देत नाही. आयुष्य मात्र जाडीने फारसे वाढत नाही. त्यासाठी नळी थंड होऊ देणे हाच उपाय. तापलेल्या नळीवरून उठणारी हवाही दुर्बिणीतले चित्र हलवते.

अचूकतेचा वेगाशी थेट संबंध नाही. १९५० मध्ये रेमिंग्टनचे माइक वॉकर यांनी आणलेले .२२२ रेमिंग्टन स्विफ्टपेक्षा बरेच मंद होते, ५० ग्रेनच्या गोळीला सुमारे ९७५ मी./से.; तरी टेकूवरून होणाऱ्या अचूकतेच्या स्पर्धांवर त्याने सुमारे पाव शतक वर्चस्व गाजवले. त्याला मागे टाकणारी पीपीसी काडतुसेही वेगासाठी प्रसिद्ध नव्हती. खरी गोष्ट सारखेपणाची आहे. वेगात एक टक्का फरक पडला की घसरणीत सुमारे दोन टक्के फरक पडतो, ३०० मी. वर हा साधारण एक सेंमी. होतो. म्हणून दारूचे वजन, कवचांची जाडी आणि गोळी बसवण्याची खोली यांत काटेकोरपणा पाळतात, आणि सर्वाधिक वेगाऐवजी सर्वांत एकसारखा वेग देणारे काडतूस पसंत करतात. रायफलीच्या बाजूने नळी दस्त्याला कुठेही न टेकणे, बोल्टची यंत्रणा दस्त्यात घट्ट बसणे, चाप हलका व स्वच्छ सुटणे आणि नळीच्या तोंडाची कड निर्दोष असणे महत्त्वाचे. या कडेला साधा ओरखडा पडला तरी बाहेर पडणारा वायू गोळीला एका बाजूने ढकलतो.

गोळीला स्थिर ठेवणारी फिरकी खाचांच्या पिळाने मिळते. १४ इंचांत एक फेरा या जुन्या पिळातून १,१२० मी./से. वेगाने सुटलेली गोळी मिनिटाला सुमारे १,८९,००० फेरे घेते. पातळ वेष्टनाच्या हलक्या गोळ्या अधिक घट्ट पिळात कधी कधी हवेतच फुटतात. एरवी हा ठिसूळपणा मुद्दाम ठेवलेला असतो: गोळी लक्ष्यावर किंवा मातीत आदळताच तिचा चुरा व्हावा आणि ती उसळून लांब जाऊ नये.

वाऱ्याचे गणित वेगळे आहे. गोळी बाजूला किती सरकेल हे उड्डाणाच्या एकूण वेळेवर नव्हे, तर हवेच्या रोधामुळे झालेल्या उशिरावर ठरते. निर्वात मार्गापेक्षा ०.०६ सेकंद उशीर झाला आणि आडवा वारा ४ मी./से. असला, तर सरक सुमारे २४ सेंमी. होते. अर्ध्या मिनिटाची महागडी रायफलही इथे वारा न ओळखणाऱ्याला वाचवत नाही. लांब, निमुळती व जड गोळी सुटताना मंद असली तरी कमी उशीर करते. लांब गोळीला फिरकी जास्त लागते, म्हणून अलीकडे आठ इंचांत एक फेरा देणाऱ्या नळ्या लोकप्रिय झाल्या आहेत.

कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून सर्व प्रकारच्या शिकारीत शिशाच्या गोळ्यांना बंदी आहे. मृत प्राण्यांबरोबर शिशाचे कण पोटात गेल्याने गिधाडे व गरुडांना विषबाधा होते. तांबे शिशापेक्षा हलके असल्यामुळे तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते व तिला जास्त फिरकी लागते. त्यामुळे १४ इंची पिळाच्या जुन्या रायफलीत शिसेविरहित गोळी वापरायची असेल, तर ती नेहमीपेक्षा हलकी निवडावी लागते.