जन्मभूमीकडून वंशाकडे: भारतीय नागरिकत्वाच्या कायद्याची पार्श्वभूमी

भारताची राज्यघटना २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आली, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. तिच्यातील काही कलमे मात्र दोन महिने आधीच, म्हणजे २६ नोव्हेंबर १९४९ रोजी, ती स्वीकारली त्याच दिवशी लागू झाली होती, आणि नागरिकत्वाविषयीची पाचव्यापासून नवव्यापर्यंतची कलमे त्यांत होती. प्रजासत्ताकाचा पहिला दिवस उजाडण्यापूर्वी त्याची प्रजा कोण, हे ठरणे भाग होते. याच राज्यघटनेने कायद्यापुढील समानता आणि जीविताचे संरक्षण हे हक्क भारताच्या भूमीवरील प्रत्येक व्यक्तीला दिले. पण मतदान, सरकारी नोकरीतील समान संधी, भाषणस्वातंत्र्य, देशात कुठेही राहण्याची व व्यवसाय करण्याची मोकळीक हे हक्क फक्त नागरिकाचे ठरवले. बाहेरून येऊन इथे स्थायिक झालेल्या माणसाच्या दृष्टीने नागरिकत्वाचा अर्थ या फरकात आहे.

हा प्रश्न त्या वेळी पुस्तकी नव्हता. फाळणीनंतर सिंधमधून आलेली हजारो कुटुंबे कल्याणजवळच्या, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्करासाठी बांधलेल्या बराकींत राहत होती. त्याच छावणीचे पुढे उल्हासनगर झाले. या माणसांना नागरिक मानायचे ते कशाच्या आधारावर? सहाव्या कलमाने त्यासाठी १९ जुलै १९४८ ही तारीख ठरवली, कारण पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांसाठी परवानापद्धत त्याच दिवशी सुरू झाली होती. स्वतःचा किंवा आईवडील, आजीआजोबांपैकी कुणाचा जन्म अखंड हिंदुस्थानात झालेला असणे ही अट सर्वांनाच होती. त्या तारखेपूर्वी येऊन इथेच राहिलेले आपोआप नागरिक झाले. नंतर आलेल्यांना सहा महिन्यांचा रहिवास दाखवून अधिकाऱ्याकडे नाव नोंदवावे लागले. सातव्या कलमात उलट दिशेच्या प्रवासाचा विचार होता. १ मार्च १९४७ नंतर पाकिस्तानात गेलेल्यांना नागरिक मानले जाणार नव्हते, पण पुनर्वसनासाठी रीतसर परवाना घेऊन जे परत आले, त्यांना दार उघडे ठेवले गेले. या सवलतीचा फायदा मुख्यतः भारतात परतणाऱ्या मुसलमान कुटुंबांना होणार असल्यामुळे संविधान सभेत तिच्यावर कडाडून टीका झाली.

ऑगस्ट १९४९ मधील ती चर्चा मराठी वाचकाने आवर्जून वाचावी अशी आहे, कारण तिच्यातील दोन प्रमुख आवाज आपल्याच मुलखातले होते. मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कबूल केले की, एखादा अपवाद सोडल्यास दुसऱ्या कोणत्याही कलमाने मसुदा समितीला इतकी डोकेदुखी दिली नव्हती. हा कायमचा कायदा नव्हे, राज्यघटना सुरू होताना नागरिक कोण एवढेच इथे ठरवायचे आहे, बाकीचे संसद पाहील, असे त्यांनी स्पष्ट केले. भारतातील जन्माला नागरिकत्वाचा एक आधार मानणारा हा मसुदा विदर्भाचे डॉ. पंजाबराव देशमुख यांना मुळीच पटला नाही. मुंबई बंदरातून जाता जाता एखाद्या परदेशी जोडप्याला इथे मूल झाले, तर तेवढ्यावर ते भारतीय ठरावे काय, असा त्यांचा सवाल होता. अशाने भारताचे नागरिकत्व जगात सर्वांत स्वस्त होईल, असे ते म्हणाले. दुसऱ्या कोणत्याही देशाचा नागरिक नसलेल्या प्रत्येक हिंदूला आणि शिखाला, तो कुठेही राहत असो, भारताचे नागरिकत्व मिळावे, अशी दुरुस्ती त्यांनी सुचवली. सभेने ती फेटाळली. माझ्या मते पुढच्या सत्तर वर्षांतील सगळा वाद या दोन भूमिकांमधला आहे, आणि देशमुखांचे म्हणणे त्या दिवशी हरले तरी ते संपले नव्हते.

संसदेने १९५५ साली नागरिकत्व अधिनियम केला, तेव्हा आंबेडकरांच्या बाजूचे पारडे जड होते. २६ जानेवारी १९५० रोजी किंवा त्यानंतर भारतात जन्मलेले मूल, परकीय राजदूतांच्या मुलांसारखे अपवाद वगळता, आईवडील कोणीही असले तरी नागरिक ठरले. जन्म, वंश, नोंदणी, स्वीकृती आणि नवा प्रदेश देशात सामील होणे, असे पाच मार्ग या कायद्याने सांगितले. परदेशातून आलेल्यासाठी त्यांतले नोंदणी आणि स्वीकृती हे दोनच खरे: भारतीय वंशाच्या व्यक्तीला किंवा भारतीयाच्या जोडीदाराला नोंदणीचा, बाकीच्यांना स्वीकृतीचा. स्वीकृतीसाठी चांगले चारित्र्य, आठव्या अनुसूचीतील एखाद्या भाषेचे पुरेसे ज्ञान, मूळ देशाचे नागरिकत्व सोडण्याची तयारी आणि निष्ठेची शपथ लागते. मराठी त्या अनुसूचीत असल्यामुळे मराठीवरही ही अट भागते. रहिवासाची मुदत सुरुवातीला एकंदर पाच वर्षांची होती, ती १९८६ मध्ये दहा आणि २००३ मध्ये बारा वर्षे झाली. अमेरिकेत जन्मलेल्या आणि सांगली जिल्ह्यातील कासेगावात आयुष्य घालवलेल्या समाजशास्त्रज्ञ डॉ. गेल ऑम्वेट १९८३ साली भारताच्या नागरिक झाल्या.

पाचवा मार्ग गोव्यात वापरला गेला. इथे माणसे हलली नव्हती, त्यांच्या डोक्यावरचे राज्य बदलले होते. २० डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण व दीवमध्ये जन्मलेल्यांना, तसेच ज्यांच्या आईवडिलांपैकी वा आजीआजोबांपैकी कुणी तिथे जन्मले होते त्यांना, मार्च १९६२ च्या आदेशाने भारतीय नागरिक मानले गेले. पूर्वीचे नागरिकत्व ठेवायचे असल्यास तसे लिहून देण्यास एक महिन्याची मुदत होती. एका ख्रिस्ती धर्मगुरूंनी पोर्तुगीज राहणे पसंत केले. पुढे मुक्कामाचा परवाना वाढवून न घेतल्याबद्दल त्यांना शिक्षा झाली आणि १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. जन्मगावीच परदेशी ठरलेल्या त्या माणसाचा निकाल वाचताना मन अस्वस्थ होते.

जन्माच्या तत्त्वाला पहिला धक्का आसाममुळे बसला. बांगलादेशातून होणाऱ्या स्थलांतराविरुद्धचे आंदोलन १५ ऑगस्ट १९८५ च्या आसाम कराराने थांबले आणि कायद्यात ६ अ हे कलम आले. १९६६ पूर्वी बांगलादेशाच्या प्रदेशातून आसामात आलेले नागरिक ठरले. त्यानंतर २४ मार्च १९७१ पर्यंत आलेल्यांना, परकीय म्हणून निश्चिती व नोंदणी झाल्यावर, दहा वर्षे मताधिकाराविना काढावी लागणार होती. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये हे कलम चार विरुद्ध एक मतांनी वैध ठरवले. पण १९८६ ची दुरुस्ती साऱ्या देशाला लागू झाली: १ जुलै १९८७ पासून जन्मलेल्या मुलाच्या आईवडिलांपैकी एक तरी भारतीय असणे आवश्यक झाले. ३ डिसेंबर २००४ पासून दोघेही भारतीय हवेत, किंवा एक भारतीय आणि दुसरा ‘बेकायदा स्थलांतरित’, म्हणजे वैध कागदपत्रांविना आलेला किंवा मुदत संपूनही राहिलेला परकीय, नसावा. त्यामुळे एकाच परदेशी जोडप्याला भारतात झालेल्या मुलांपैकी १९८६ चे मूल जन्माने भारतीय ठरते आणि १९९० चे ठरत नाही. कांगड्यात १९८६ साली जन्मलेल्या तिबेटी तरुणीला दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये भारतीय ठरवले, ते याच नियमाने.

‘बेकायदा स्थलांतरित’ हा शब्दप्रयोग २००३ च्या दुरुस्तीने कायद्यात आणला, आणि ज्याला तो लागू झाला त्याला नोंदणी व स्वीकृती हे दोन्ही मार्ग बंद झाले. याची झळ पाकिस्तानातून आलेल्या आणि व्हिसाची मुदत संपलेल्या हिंदू कुटुंबांनाही बसली. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्राने तीन शेजारी देशांतील अल्पसंख्याकांचे अर्ज निकाली काढण्याचे अधिकार देशातील काही जिल्हाधिकाऱ्यांना दिले. महाराष्ट्रातील मुंबई, ठाणे, पुणे आणि नागपूर हे जिल्हे त्यांत होते. २०१९ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी व ख्रिस्ती व्यक्तींना त्या शब्दातून वगळले आणि त्यांच्यासाठी स्वीकृतीची मुदत कमी केली. मुसलमान या यादीत नाहीत. धर्म ही कसोटी कायद्याच्या मजकुरात उघडपणे आली ती इथे; देशमुखांची दुरुस्ती फेटाळल्याला तेव्हा सत्तर वर्षे झाली होती. दुरुस्तीविरुद्ध दोनशेहून अधिक याचिका सर्वोच्च न्यायालयात दाखल झाल्या, आणि अंमलबजावणीचे नियम ११ मार्च २०२४ रोजी निघाले.

अर्ज मंजूर झाल्यावरही कुटुंबाचे काम संपत नाही. २००४ नंतर भारतातच जन्मलेले मूल, त्या वेळी आईवडील दोघेही परदेशी असतील, तर त्यांच्या हाती प्रमाणपत्र पडल्यामुळे आपोआप नागरिक होत नाही. त्याच्या नावाने वेगळा अर्ज भरावा लागतो.