पार्श्वभूमी : वाढता उजेड आणि समोरच्याचे डोळे

आपल्या गाडीचा उजेड कमी पडतो, ही तक्रार मोटारगाडीइतकीच जुनी आहे. समोरच्या गाडीचा उजेड फार होतो, ही तक्रार तिच्याहून फार तर चार-दोन वर्षांनी लहान असेल. हेडलाईटच्या सव्वाशे वर्षांच्या इतिहासात या दोन तक्रारींची ओढाताण सतत चालू आहे. आज पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर एखाद्या ॲक्सेसरीच्या दुकानात उभे राहिलात, तर ती ओढाताण समोरच दिसते. गिऱ्हाईक म्हणते, ‘उजेड पाहिजे.’ दुकानदार एलईडीचा खोका काढतो. समोरून येणाऱ्याचे काय, हा विषय सहसा निघत नाही.

सुरुवातीच्या मोटारींना घोडागाडीचेच दिवे होते, तेलाचे. त्यांनी रस्ता दिसायचा नाही, फक्त गाडी येतेय एवढे कळायचे. १८९२ मध्ये कॅल्शियम कार्बाईड स्वस्तात बनवण्याची रीत उत्तर अमेरिकेत सापडली आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ॲसिटिलीनचे दिवे मोटारींवर आणि सायकलींवर सर्रास आले. वरच्या कप्प्यात पाणी, खालच्या कप्प्यात कार्बाईडचे खडे. थेंब थेंब पाणी पडले की गॅस तयार होतो, तो बर्नरशी जळतो आणि मागचा आरसा तो उजेड पुढे फेकतो. आंबे पिकवण्यासाठी चोरून वापरतात तेच हे कार्बाईड. ज्योत पांढरी आणि प्रखर असायची, वाऱ्याला सहसा दाद द्यायची नाही. कटकट एवढीच की प्रवास संपला की खालचा चुन्याचा लगदा खरवडून काढावा लागे. आणि हा दिवा मंद करायचा म्हणजे पाण्याची तोटी फिरवून वाट बघायची. समोरून कोणी आले म्हणून झटकन उजेड खाली घेण्याची सोयच नव्हती.

विजेचे दिवे १८९८ पासून काही गाड्यांना मिळत होते, पण धक्के खाऊन तार तुटायची आणि गाडीवर वीज बनवण्याची धड सोय नव्हती. १९१२ मध्ये कॅडिलॅकने स्टार्टर, इग्निशन आणि दिवे यांची एकत्र विद्युत यंत्रणा दिली, तेव्हा हा प्रश्न सुटला. उजेड वाढला आणि लगेच डोळे दिपण्याचा प्रश्न उभा राहिला. काही गाड्यांत तरफ ओढून अख्खा दिवाच खाली झुकवायची व्यवस्था होती. खरा तोडगा निघाला १९२४ मध्ये. ओसरामने ‘बिलक्स’ नावाचा बल्ब आणला. काच एकच, आत तारा दोन. आपण ज्याला अप्पर-डिप्पर म्हणतो ते इथून सुरू होते.

हा बल्ब जरा नीट बघण्यासारखा आहे, कारण पुढचा सगळा घोटाळा याच्याच पोटात आहे. अप्परची तार रिफ्लेक्टरच्या, म्हणजे मागच्या आरशाच्या, नेमक्या केंद्राशी असते, म्हणून तिचा उजेड सरळ लांब जातो. डिप्परची तार थोडी पुढे असते आणि तिच्याखाली नखाएवढी पत्र्याची वाटी असते. त्या वाटीमुळे उजेड रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या अर्ध्या भागावर पडतो, आणि तिथून परतताना तो रस्त्याकडे खाली वळतो. खालचा अर्धा आरसा उजळला असता तर तोच उजेड वर, समोरच्याच्या डोळ्यांत गेला असता. १९५७ पासून युरोपात या वाटीची एक कड १५ अंशांनी कापून डिप्परचा उजेड आपल्या कडेच्या बाजूला थोडा वर चढवण्याची पद्धत आली. कडेचा माणूस दिसावा आणि समोरचा ड्रायव्हर वाचावा, यासाठी. हे सगळे गणित मिलिमीटरच्या अंशांत बसवलेले असते. तार जिथे असायला हवी तिथे नसेल, तर रिफ्लेक्टर कितीही महागाचा असो, उजेड भलतीकडेच जातो.

अमेरिकेने वेगळी वाट धरली. १९४०च्या मॉडेलांपासून तिथे सात इंची गोल ‘सील्ड बीम’ दिवा ठरवून दिला गेला. तार, आरसा, काच सगळे एकत्र बंद. बिघडला तर अख्खा दिवा बदला. त्यामुळे तिथल्या गाड्यांचे चेहरे पुढची चाळीस-एक वर्षे बरेचसे सारखे राहिले आणि बल्ब बदलून उजेड वाढवण्याचा नादही फारसा लागला नाही. बदलता येणाऱ्या बल्बचे हेडलाईट अमेरिकेत १९८३ नंतर अधिकृत झाले. फ्रान्सने १९३६-३७ च्या सुमारास पिवळा उजेड सक्तीचा केला आणि १९९३ पर्यंत चालवला. डोळ्यांना तो खरेच सुसह्य होता की फक्त मंद होता, यावर फ्रेंच लोक अजून वाद घालतात.

हॅलोजन आला १९६२ मध्ये, युरोपातल्या बल्ब आणि हेडलाईट बनवणाऱ्या कंपन्यांनी मिळून केलेल्या कामातून. साध्या बल्बमध्ये टंगस्टनची तार झिजते आणि ती झीज काचेवर काळी चढते. आयोडीन किंवा ब्रोमीन भरले की ते टंगस्टनला परत तारेकडे आणून सोडते. त्यामुळे तार जास्त तापवता येते, उजेड वाढतो आणि काच स्वच्छ राहते. मात्र ती काच क्वार्ट्झची असते. बोटांचे तेल लागले की तेवढी जागा जास्त तापते, म्हणून मेकॅनिक तिला कापडाने धरतो. पहिला हॅलोजन, एच१, एका तारेचा होता. दोन तारांचा एच४ १९७१ मध्ये आला : अप्पर ६० वॅट, डिप्पर ५५. वाटी अर्थात कायम.

आपल्याकडे ॲम्बॅसिडर-फियाटच्या काळातले दोन तारांचे साधे बल्ब ४५/४० वॅटचे असायचे. काचेच्या मधोमध काळा ठिपका, नाहीतर वरच्या भागाला काळा रंग हेही त्या काळात नेहमीचे. बल्बचा वर जाणारा उजेड अडवायचा हा सोपा उपाय, कुठल्याही प्रयोगशाळेशिवाय रंगाऱ्याच्या ब्रशाने व्हायचा. ट्रकच्या मागे ‘यूज डिपर ॲट नाईट’ त्याच काळजीपोटी लिहिलेले असते. ते वाचून डिपर किती जण देतात, हा भाग वेगळा.

हॅलोजन ६०/५५ स्थिरावला तसा उजेडाचा हव्यास पुढच्या पायरीवर गेला : १००/९० वॅट. हा भारतातला पहिला मोठा ‘अपग्रेड’ म्हणायला हरकत नाही. आणि इथेच गाड्यांची वायरिंग उघडी पडली. दोन १०० वॅटचे अप्पर म्हणजे १२ व्होल्टला १६ अँपिअरहून जास्त प्रवाह. जुन्या गाड्यांत तो सगळा स्टीअरिंगखालच्या स्विचमधून जायचा. स्विचचे पॉइंट जळायचे, प्लास्टिकचे होल्डर वितळायचे, रिफ्लेक्टरची चांदी करपायची. मग सिरॅमिक होल्डर आणि रिले आले. बॅटरीपासून फ्यूज घालून जाड वायर थेट बल्बपर्यंत न्यायची आणि जुन्या स्विचने फक्त रिले चालू-बंद करायचा.

गंमत अशी की नुसता रिले टाकला तरी मूळचा ५५ वॅटचा बल्ब खुलायचा. तारेच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या साधारण साडेतीन घाताने बदलतो. बारीक, जुनाट वायरिंगमध्ये १० टक्के व्होल्टेज गळाले तर उजेड ३० टक्क्यांच्या आसपास घटतो. म्हणजे बल्ब कमी पडतो म्हणून दुकानात आलेल्या कित्येकांचे काम ताज्या वायरने आणि फोकस सेट करण्याने भागले असते. पण खोक्यावरचा मोठा आकडा विकायला सोपा असतो. वायर कोणाला दिसते?

पुढे फुगीर भिंग असलेल्या दिव्याचा, म्हणजे प्रोजेक्टरचा, जन्म मात्र उजेड वाढवण्यासाठी झाला नाही, तो उजेड अडवण्यासाठी झाला. १९८६ च्या बीएमडब्ल्यू ७ सीरीजमध्ये डिप्परसाठी तो आला. यात आरसा लंबवर्तुळाकार असतो आणि लंबवर्तुळाला दोन केंद्रे असतात. एका केंद्राशी बल्ब ठेवला की सगळा उजेड दुसऱ्या केंद्राशी गोळा होतो. तिथे पत्र्याचा एक पडदा उभा असतो. पुढचे फुगीर भिंग त्या पडद्याच्या कडेची प्रतिमा उलटी करून रस्त्यावर फेकते. भिंतीसमोर गाडी उभी केली की वर अंधार, खाली उजेड आणि मध्ये सुरीने कापल्यासारखी रेघ दिसते. हीच कट-ऑफ. हॅलोजनवरचे सुरुवातीचे प्रोजेक्टर तसे मंदच होते, कारण पडदा बराच उजेड गिळतो.

ती उणीव झेनॉनने भरून काढली. १९९१ मध्ये, पुन्हा बीएमडब्ल्यू ७ सीरीजमध्ये, तारेऐवजी वायूतल्या ठिणगीचा दिवा आला. पेटताना वीस हजार व्होल्टच्या वर झटका लागतो, मग ३५ वॅटवर तो शांतपणे जळतो. एच४ च्या डिप्परचा उजेड १००० लुमेनच्या (लुमेन हे उजेडाचे माप) आसपास, तर डी२एस या झेनॉन बल्बचा ३२००. युरोपच्या नियमकर्त्यांनी धोका लगेच ओळखला. २००० लुमेनच्या वरचा स्रोत असेल तर काच धुण्याचा फवारा आणि डिकीत वजन पडले तरी उजेडाची पातळी आपोआप सावरणारी यंत्रणा सक्तीची केली. काचेवरची धूळसुद्धा उजेड विखुरते, म्हणून तो फवारा. १९९९ मध्ये मर्सिडीजच्या सीएल मॉडेलमध्ये पडदा खाली-वर होणारा प्रोजेक्टर आला आणि एकाच दिव्यात अप्पर-डिप्पर जमले.

या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत चिनी एचआयडी (म्हणजे झेनॉनच्याच जातीचे) किट आले तेव्हा या सगळ्यातला फक्त बल्ब आला. पडदा नाही, भिंग नाही, फवारा नाही, लेव्हलिंग नाही. तारेसाठी मोजून केलेल्या आरशात वाकड्या ठिणगीचा तिप्पट उजेड. वर ८००० केल्विनचा (केल्विन हे उजेडाच्या रंगाचे माप, आकडा मोठा तितका रंग निळा) निळा रंग, जो दिसायला भारी पण उजेडाला कमी. कंपनीतून येणारे झेनॉन ४३०० केल्विनच्या आसपास असतात, हे किट विकणारा कशाला सांगेल? समोरच्या गाडीच्या डोळ्यांवर येणारा तो निळसर चटका ज्यांनी या काळात हायवेवर रात्री गाडी चालवली त्यांना आठवत असेल.

यावर उतारा म्हणून परदेशातल्या हौशी लोकांनी रेट्रोफिटची कला वाढवली. ॲक्युरा टीएसएक्ससारख्या गाड्यांचे भंगारातले झेनॉन प्रोजेक्टर काढायचे, आपला हेडलाईट ओव्हनमध्ये तापवून त्याचा सीलंट मऊ करायचा, काच उघडायची, आत प्रोजेक्टर बसवायचा आणि पुन्हा चिकटवायचे. पुढे थेट बल्बच्या भोकातून नटाने आवळता येणारे तयार छोटे प्रोजेक्टर मिळू लागले. आपल्याकडचे कारागीर हे काम हीट गनवर करतात. चांगला कारागीर असेल तर निकाल खरोखर उत्तम येतो. घाईचा असेल तर पहिल्या पावसात काचेच्या आत दव साठते, आणि आपल्याकडचा पाऊस चार महिने मुक्कामाला असतो.

पण यातली सगळ्यात मोठी चूक दव दिसते तशी दिसत नाही. आपण रस्त्याच्या डावीकडून चालतो, म्हणून आपल्या प्रोजेक्टरची कट-ऑफ डावीकडे वर चढायला हवी. अमेरिका, चीन, बहुतेक युरोप उजवीकडून चालतात आणि तिथल्या प्रोजेक्टरची कट-ऑफ उजवीकडे चढते. तसला प्रोजेक्टर इथे बसवला तर रेघ सुंदर पडते, मालक खूश होतो, आणि कडेच्या झाडावर पडायचा उजेड नेमका समोरून येणाऱ्याच्या काचेवर पडतो. भिंतीसमोर गाडी उभी करून अर्ध्या मिनिटात कळणारी गोष्ट आहे ही. पैसे देण्याआधी बघावी.

कंपनीकडूनच बसवलेला प्रोजेक्टर आपल्याकडे सामान्य माणसाच्या आवाक्यात आणण्यात दुचाकीचा वाटा आहे. पुण्याच्या बजाजने २००७ मध्ये पल्सर २२० ला डिप्परसाठी प्रोजेक्टर दिला. तेव्हा लाखाच्या वरच्या कित्येक मोटारींना तो नव्हता. त्याच वर्षी लेक्ससने एलएस ६००एच या गाडीला डिप्परसाठी एलईडी दिला आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत एलईडी महागड्या गाड्यांतून स्कूटरपर्यंत उतरला. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा दिवसाही कायम चालू राहू लागला, ते वेगळ्या नियमामुळे.

एलईडीचा बदली बल्बही त्याच जुन्या वळणाने गेला. तार चारही बाजूंना उजेड टाकते, एलईडीची चिप एका बाजूला टाकते. म्हणून बदली बल्बमध्ये धातूच्या एका पातळ पातीच्या दोन्ही बाजूंना चिप लावून तारेची नक्कल करतात. पाती जाड असेल किंवा बल्ब होल्डरमध्ये दोन-चार अंश फिरलेला बसला, तर नक्कल फसते. नीट केले तर जमते, हेही खरे. २०२० मध्ये ओसरामच्या एच७ एलईडीला जर्मनीत रस्त्यावर वापरायची परवानगी मिळाली, पण ती गाड्यांच्या ठराविक मॉडेलांपुरती, प्रत्येक हेडलाईटमध्ये बल्ब तपासून. म्हणजे बल्ब आणि त्याचे घर यांची जोडी पुन्हा एकदा मान्य करावी लागली.

आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत हेडलाईटच्या चकाकीचा विचार पूर्वीपासून आहे. दिव्यापासून ८ मीटरवर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर असलेल्या डोळ्यांना तो दिपवू नये, असे १९८९ चे नियम सांगतात. नव्या दिव्यांच्या चाचण्या पुण्यात एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थांत होतात. पण चाचणी मूळ दिव्याची होते, नंतर दुकानात घातलेल्या बल्बची नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या मूळ रचनेत बदल करता येणार नाही असे स्पष्ट केले आणि त्याच वर्षीच्या कायदादुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही ठेवले.

बाजाराने यातून आपली वाट काढलीच. हल्ली जाणकार गिऱ्हाईक बल्ब मागत नाही. त्याच गाडीच्या टॉप मॉडेलला कंपनीने दिलेला प्रोजेक्टर किंवा एलईडीचा अख्खा हेडलाईट मागते. तो डावीकडच्या रहदारीसाठीच बनवलेला असतो, काच उघडावी लागत नाही, फक्त वायर जोडणारा कपलर जुळवावा लागतो आणि लेव्हलिंगचा स्विच आधीपासून नसेल तर तोही बसवून घ्यावा लागतो. किंमत मात्र ऐकून बरेच जण पुन्हा एलईडीच्या खोक्याकडे वळतात.