बावटा (बंदरावरील)

बावटा : वादळाची आगाऊ सूचना देण्यासाठी बंदरावरच्या उंच काठीवर चढवली जाणारी खूण. शब्दाचा अर्थ निशाण असला तरी या बावट्यात कापड नसते. दिवसा शंकू आणि दंडगोल टांगतात, रात्री लाल-पांढरे दिवे लावतात. कोकणात ‘बावटो लागलो’ एवढे कानावर आले की पुढचे कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

संदेश कशासाठी आहे, तो कोण आणि कुठून वाचणार, यावरून त्याचे रूप ठरते, हे या काठीकडे पाहिले की कळते. कापडी निशाण वारा पडला की लोंबते, समोरून वारा असला की नुसती रेघ दिसते. शंकू आणि दंडगोल चहूबाजूंनी सारखेच दिसतात. पावसाळी अंधुक उजेडात लांबून रंग विरून जातो, म्हणून दिवसा आकारावर भिस्त. रात्री आकार दिसत नाही, म्हणून रंगावर. अक्षर तर एकही नाही. त्यामुळे देवगडचा तांडेल (होडीचा म्होरक्या) असो की आसऱ्याला आलेल्या गुजराती बोटीवरचा खलाशी, दोघांचे काम भागते.

१८६४ च्या चक्रीवादळाने कलकत्त्याची दाणादाण उडाली आणि पुढच्याच वर्षी त्या बंदरासाठी वादळसूचना सुरू झाल्या. आधी बंदरागणिक खुणा वेगळ्या होत्या. त्या १८९८ मध्ये एकसारख्या करण्यात आल्या. एकूण क्रमांक ११. पहिले दोन दूर समुद्रातल्या वादळाचे, ३ आणि ४ बंदरापुरत्या सावधगिरीचे, ५ ते ७ धोक्याचे, ८ ते १० मोठ्या धोक्याचे. अकरावा म्हणजे इशारा देणाऱ्या केंद्राशी संपर्कच तुटला.

बातम्यांत क्रमांक ऐकणारा माणूस ते परीक्षेच्या गुणांसारखे चढत्या भाजणीने धरतो. पण पाचापेक्षा सात अधिक भयंकर, असे नाही. बंदर वादळाच्या वाटेच्या डावीकडे राहणार असेल तर ५, उजवीकडे राहणार असेल तर ६, वादळ बंदरावरून किंवा अगदी जवळून जाणार असेल तर ७. वारा कसा फिरेल याचा अंदाज दर्यावर्दीला त्यावरून बांधता येतो; घरात बसलेल्याला त्याचा उपयोग नाही.

जमिनीवरच्यांसाठी हवामान विभाग हिरवा, पिवळा, नारिंगी आणि लाल हे रंग वापरतो, आणि ते योग्यच. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला धडकले, तेव्हा मंडणगड-दापोलीच्या डोंगरातल्या वाड्यांचीही छपरे उडाली. तिथून बंदराची काठी कुठून दिसणार?

रंगाचा अर्थही जागेप्रमाणे बदलतो. बंदराच्या वाटेवरचा लाल बोया (पाण्यावर तरंगणारी खूण) धोका सांगत नाही. आत शिरताना तो डाव्या हाताला ठेवायचा, हिरवा उजव्या. येथेही आकार जोडीला असतो : लाल बोया सहसा डब्यासारखा, हिरवा शंकूसारखा. पुळणीवर मात्र लाल निशाण म्हणजे पाण्यात उतरू नका. लाल-पिवळ्या दोन निशाणांमध्ये जीवरक्षकांची नजर असते, पोहायचे तर तिथेच. त्यांच्या शेजारी बऱ्याच ठिकाणी बारीक अक्षरांत भरगच्च नियम लिहिलेला फलक उभा असतो. तो वाचायला पर्यटकाला अगदी जवळ जावे लागते, आणि तोवर त्याची पोरे पाण्यात असतात.