'फॉलिस' या नावाचा घोळ

रोमन कांस्यनाणी जमवणाऱ्यांचा घोळ सेस्टर्शियसपाशी (आधीच्या शतकांतल्या मोठ्या पितळी नाण्यापाशी) होत नाही, तो चौथ्या शतकातल्या नाण्यांपाशी होतो. इ.स. २९४ च्या सुमारास रोमन सम्राट डायोक्लेशनने सुमारे १० ग्रॅम वजनाचे, चांदीचा पातळ मुलामा असलेले नवे कांस्यनाणे काढले. विक्रेते त्याला सर्रास 'फॉलिस' म्हणतात. मात्र लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ चामड्याची थैली असा आहे. तत्कालीन हिशेबांत तो मोजून मोहोरबंद केलेल्या नाण्यांच्या थैलीसाठी येतो, आणि सुट्या नाण्याला 'नुम्मुस' म्हणणे अधिक योग्य ठरते, असे बहुतेक अभ्यासक आज मानतात. एका नाण्याचे नाव म्हणून फॉलिस शोभते ते थेट इ.स. ४९८ नंतरच्या, ४० नुम्मींच्या (नुम्मुसचे अनेकवचन) मोठ्या नाण्याला, ज्याच्या मागच्या बाजूवर ठसठशीत 'एम' अक्षर असते.

मधल्या काळात नाणे सतत लहान आणि हलके होत गेले. सन ३३० पासूनच्या एका प्रसिद्ध प्रकारात दोन सैनिकांमध्ये दोन निशाणे दिसतात. ३३५ च्या सुमारास नाणे आणखी लहान झाले आणि निशाण एकच उरले. या दोन्हींनाही फॉलिस म्हणणे म्हणजे निव्वळ आळस आहे. त्यापेक्षा नुसत्या व्यासावर केलेली एई-१ ते एई-४ (एई म्हणजे तांब्या-कांस्याचे नाणे) ही वर्गवारी (२५ मिलिमीटरपेक्षा मोठे ते १७ पेक्षा लहान) रुक्ष असली तरी प्रामाणिक आहे.

नाणी थैल्यांतून फिरत होती का, याचे उत्तर ती मातीत कशी पडली होती यावरून मिळू शकते, आणि नेमकी तीच माहिती १९८९ नंतर, पूर्व युरोपातल्या साम्यवादी राजवटी कोसळल्यावर, मोठ्या प्रमाणावर नष्ट झाली. बाल्कन देशांत मेटल डिटेक्टरने उकरलेली नाणी मातीसकट, घाऊक भावाने पश्चिमेकडे जाऊ लागली. हौशी संग्राहक ती महिनोन्‌महिने ऑलिव्ह तेलात भिजवत. छंद स्वस्त झाला, पण नाण्याचे गाव हरवले. अमेरिकेने २००७ मध्ये सायप्रसच्या आणि २०१४ मध्ये बल्गेरियाच्या प्राचीन नाण्यांच्या आयातीवर निर्बंध घातले, तेव्हा व्यापाऱ्यांनी केलेली ओरड मला तरी अवाजवी वाटते.

ही माहिती जपली तर काय कळते, याचे उदाहरण म्हणजे इंग्लंडमध्ये २०१० साली फ्रोमजवळ तिसऱ्या शतकातल्या ५२,५०३ नाण्यांचे सापडलेले मडके. शोधणाऱ्याने खणणे थांबवून पुरातत्त्वज्ञांना बोलावले. त्यांनी थर-थर काढून पाहिले, तेव्हा सर्वांत अलीकडची बरीच नाणी वर नव्हे, तर मडक्याच्या खालच्या अर्ध्या भागात निघाली. म्हणजे ते मडके वर्षानुवर्षे भरत गेलेले नव्हते.