प्लेगची साथ आणि लोकवर्तन

माणसांची ये-जा, साठवण, पळापळ आणि लपवाछपवी यांमुळे साथीच्या रोगाचा मार्ग कसा बदलतो, याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण म्हणजे १८९६ साली मुंबईत सुरू झालेली गाठीच्या प्लेगची साथ.

हा रोग मुळात उंदरांचा. येर्सिनिया पेस्टिस हा जंतू उंदरांच्या अंगावरील पिसवांमार्फत पसरतो. उंदीर मेला, की उपाशी पिसू माणसाकडे वळते. त्यामुळे काखेत वा जांघेत गाठ आलेला रुग्ण शेजाऱ्याला सहसा थेट बाधत नाही. रोग फुफ्फुसात उतरला तर मात्र खोकल्यातून बाधतो. धान्याची पोती, कापूस, गोधड्या यांच्याबरोबर उंदीर आणि पिसवा लांबवर जातात. १८९४ मध्ये हाँगकाँगला जंतू सापडला होता, पण पिसवेचा दुवा पॉल-लुई सिमाँ यांनी दाखवला तो १८९८ साली, कराचीत. तो सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली. तोवर सरकार आणि रयत दोघेही अंधारात चाचपडत होते.

सप्टेंबर १८९६ मध्ये मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मांडवीतील रुग्णांचे निदान केले. मांडवी हा बंदरालगतचा, धान्याच्या वखारींचा दाट वस्तीचा भाग. उंदरांना याहून सोयीची जागा शहरात क्वचितच असेल. पालिकेने गटारांत जंतुनाशके ओतली. त्यामुळे उंदीर उलट घराघरांत पांगले असावेत, असे काही अभ्यासक मानतात. पुढच्या काही महिन्यांत सुमारे साडेआठ लाख वस्तीच्या शहरातून जवळजवळ निम्मे लोक आगगाडीने, बोटीने, पायी निघून गेले. गिरण्यांना माणसे मिळेनात. पळणाऱ्यांच्या बोचक्यांतून आणि त्याहून अधिक व्यापारी मालातून रोग मुलखात शिरला.

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या प्लेग समितीने गोऱ्या शिपायांकरवी घरझडत्या सुरू केल्या. रुग्णाला इस्पितळात, घरच्यांना सेग्रिगेशन कॅम्पात, म्हणजे इतरांपासून वेगळे ठेवण्याच्या छावणीत नेत, सामान जाळत. देवघरात बूट घालून शिरणे, स्त्रियांची तपासणी, जातीच्या सोवळ्याओवळ्याची मोडतोड यांनी शहर हादरले. त्याचा परिणाम व्हायचा तोच झाला : लोक आजारी माणूस लपवू लागले, मृत्यूचे कारण साधा ताप सांगू लागले. सरकारी कागदांत याला अडाणीपणा म्हटले जाई. पण रुग्ण दाखवला की घर उघड्यावर पडणार, हे ज्याला कळते त्याने तो लपवणे हा हिशेबच होता. मुंबईत ऑक्टोबर १८९६ मध्येच गिरणी कामगारांनी आर्थर रोड इस्पितळावर हल्ला केला होता. इस्पितळात गेलेला परत येत नाही, ही समजूत त्यामागे होती. २२ जून १८९७ च्या रात्री चाफेकर बंधूंनी पुण्यात रँडवर गोळी झाडली. त्याच साथीत, रुग्णांची शुश्रूषा करताना लागण होऊन सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी वारल्या.

पळून जाणे हे वर्तन सरसकट घातक नव्हते. 'उंदीर पडायला लागले' की गाव रिकामे करून रानात, माळावर झोपड्या घालून राहायचे, हा शहाणपणा खेड्यापाड्यांत रुजला. घर, कणगी आणि उंदीर मागे राहत असल्याने तो प्रभावी ठरे. पुढे सरकारनेही गावे रिकामी करण्याचाच मार्ग धरला. सामान घेऊन दुसऱ्या गावात जाणे आणि सामान मागे ठेवून माळावर जाणे, यांत रोगाच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक होता. हाफकिन या शास्त्रज्ञांनी तयार केलेल्या प्लेगच्या लसीबद्दल मात्र बराच काळ संशय राहिला.

१९९४ मध्ये हेच दुवे पुन्हा दिसले. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर भीतीने लोक घराबाहेर राहू लागले आणि रिकाम्या घरांत धान्य तसेच पडून राहिले. त्यावर उंदीर पोसले गेले, आणि म्हणूनच ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावात गाठीचे रुग्ण आढळले, असे अनेकांचे मत आहे. सप्टेंबरमध्ये सुरतेत फुफ्फुसी प्लेगची बातमी फुटताच लाखो लोकांनी शहर सोडले. त्यांत महाराष्ट्रातून तेथे गेलेले मजूरही होते. टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाच्या गोळ्यांसाठी औषधांच्या दुकानांवर झुंबड उडाली.