बॅकअप अपलिंक की लिंक अ‍ॅग्रिगेशन: दुसरी केबल कशासाठी टाकायची?

धरणगाव-अमळनेर भागातल्या बऱ्यापैकी मोठ्या जिनिंगमध्ये आता नेटवर्क तीन-चार ठिकाणी पसरलेलं असतं: गेटजवळचा काटा, ऑफिस, जिन-प्रेसचा हॉल आणि गाठींचं गोदाम. काट्यावरचा कॉम्प्युटर वजन घेतो, काटापट्टी छापतो आणि ऑफिसातल्या सर्व्हरवर नोंद करतो. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत लागलेल्या असताना ही एक लिंक तुटली, की फोन येतो, "काटा बंद पडना भाऊ." ट्रॅक्टर भाड्याने आणलेल्या शेतकऱ्याला तिथे उभं राहण्याचा प्रत्येक तास महाग पडतो. म्हणून मालक म्हणतात, अजून एक केबल टाकून द्या. केबल पडतेही. पण तिच्याकडून कोणतं काम करून घ्यायचं, हे बहुतेक वेळा कोणी ठरवतच नाही.

कामं दोन आहेत आणि ती सर्रास एकमेकांत मिसळली जातात. एक म्हणजे बॅकअप अपलिंक (अपलिंक म्हणजे एका स्विचपासून, केबली जोडणाऱ्या पेटीपासून, वरच्या स्विचकडे जाणारी केबल): एक केबल चालू, दुसरी तयारीत. दुसरं म्हणजे लिंक अ‍ॅग्रिगेशन, ज्याला स्विच बनवणारी सिस्को कंपनी ईथरचॅनल म्हणते: दोन्ही केबली एकाच वेळी चालू आणि स्विचच्या लेखी तो एकच पोर्ट. ट्रकची स्टेपनी आणि ट्रकच्या मागची जोडचाकं यांत जो फरक, तोच इथे. एक चाक पंक्चर झाल्यावर दोन्हींचा उपयोग होतो, पण म्हणून कोणी स्टेपनीला जोडचाक म्हणत नाही.

काहीच कॉन्फिगर न करता दोन स्विच दोन केबलींनी जोडले तर लूप, म्हणजे बंद वळसा, होतो. इथरनेटच्या फ्रेमला (केबलवरून जाणाऱ्या डेटाच्या पुडक्याला) आयपी पॅकेटसारखी संपण्याची मुदत नसते, त्यामुळे एक ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांसाठी पाठवलेली, फ्रेम गोल-गोल फिरत वाढत जाते आणि काही क्षणांत सगळं नेटवर्क गुदमरतं. यावर राडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये स्पॅनिंग ट्री हे तंत्र शोधलं आणि १९९० मध्ये ते ८०२.१डी म्हणून मानक झालं. ते एक केबल अडवून ठेवतं आणि पहिली तुटली की दुसरी उघडतं. जुन्या स्पॅनिंग ट्रीला त्यासाठी ३० ते ५० सेकंद लागतात. २००१ च्या रॅपिड आवृत्तीत, मांडणी नीट असेल तर, हे काम एक-दोन सेकंदांत किंवा त्याहून लवकर होतं.

आता लिंक अ‍ॅग्रिगेशन. २००० साली ८०२.३एडी या नावाने ते मानक झालं, २००८ पासून ते ८०२.१एएक्समध्ये आहे आणि दोन्ही टोकांच्या स्विचांची आपसातली बोलणी एलएसीपी करतं. इथे पहिला गैरसमज वेगाचा. एक-एक गिगाबिटच्या दोन केबली बांधल्या म्हणजे एका कॉम्प्युटरला दोन गिगाबिट मिळत नाहीत. स्विच मॅक (मशीनच्या नेटवर्क कार्डाचा पत्ता) किंवा आयपी पत्त्यांवरून हिशेब करून प्रत्येक संभाषणाला एकच केबल देतो आणि ते संभाषण तिच्यावरूनच जातं. रात्री सर्व्हरची मोठी फाइल गोदामातल्या मशीनवर कॉपी करत असाल, तर वेग एका केबलचाच राहील. हॉलमधल्या वीस कॅमेऱ्यांचं चित्र मात्र दोन केबलींवर वाटलं जातं. तेही हिशेबात कॅमेऱ्याचा म्हणजे पाठवणाऱ्याचा पत्ता धरलेला असेल तरच. फक्त पोचणाऱ्याचा पत्ता धरला असेल, तर सगळे कॅमेरे एकाच रेकॉर्डरकडे जात असल्यामुळे एक केबल तुडुंब भरते आणि दुसरी रिकामी राहते. ही सेटिंग मी प्रत्येक ठिकाणी आधी उघडून बघतो.

अशा बांधलेल्या केबलींच्या जुडग्याला, म्हणजे बंडलला, काही अटी आहेत. त्यातल्या पोर्टांचा वेग आणि व्हीलॅन (नेटवर्कचे आतले वेगळे भाग) सारखे हवेत. दोन्ही बाजू एलएसीपीमध्ये पॅसिव्ह, म्हणजे समोरच्याची वाट बघणाऱ्या, ठेवल्या तर बंडल बनतच नाही, निदान एक तरी बाजू अ‍ॅक्टिव्ह हवी. पण सगळ्यात मोठी अट अशी, की बंडलच्या दोन्ही केबली प्रत्येक टोकाला एकाच स्विचमध्ये संपल्या पाहिजेत. वरचे दोन स्विच स्टॅक केलेले (एकच स्विच म्हणून जोडलेले) असतील किंवा त्यांना मल्टिचॅसिस, म्हणजे दोन स्विचांवर पसरलेलं, बंडल जमत असेल तरच ही अट सुटते. म्हणजे साध्या बंडलने केबल आणि पोर्ट वाचतात, वरचा स्विच वाचत नाही. ऑफिसातल्या त्या एका स्विचचा पॉवर सप्लाय मे महिन्याच्या उन्हात गेला, तर दोन काय आणि आठ केबली काय, काटा बंदच.

बॅकअप अपलिंकचा खरा फायदा इथेच आहे. काट्याजवळच्या स्विचमधून तिची एक केबल ऑफिसातल्या स्विचला आणि दुसरी हॉलमधल्या स्विचला जाऊ शकते. सिस्कोच्या बऱ्याच स्विचांवर याला फ्लेक्स लिंक्स म्हणतात. मुख्य पोर्टवर स्विचपोर्ट बॅकअप इंटरफेस ही कमांड देऊन पुढे राखीव पोर्टचं नाव लिहायचं. या दोन पोर्टांवर स्पॅनिंग ट्री बंद होतं, त्यामुळे तिथे भलतीच केबल न लावण्याची जबाबदारी आपली. मुख्य केबल परत जोडली तरी ट्रॅफिक आपोआप तिच्यावर येत नाही, त्यासाठी प्रीएम्प्शन मुद्दाम चालू करावं लागतं. मी ते सहसा बंदच ठेवतो, कारण ढिल्या कनेक्टरमुळे सतत चालू-बंद होणाऱ्या लिंकवर उड्या मारण्यापेक्षा राखीव लिंकवर शांतपणे दिवस काढलेला बरा. ही सोय नसलेल्या मॅनेज्ड, म्हणजे कॉन्फिगर करता येणाऱ्या, स्विचवर रॅपिड स्पॅनिंग ट्री चालू करून राखीव पोर्टचा पाथ कॉस्ट (वाटेची किंमत, जास्त म्हणजे नकोशी वाट) वाढवला, तरी जवळपास तोच परिणाम मिळतो.

बदल झाल्यावरही एक अडचण उरते. वरच्या स्विचांच्या मॅक टेबलात (कोणतं मशीन कोणत्या पोर्टमागे, याच्या यादीत) काट्याचा कॉम्प्युटर अजून जुन्याच वाटेवर नोंदलेला असतो. तो कॉम्प्युटर स्वतः काही पाठवेपर्यंत त्याच्याकडे येणारा डेटा चुकीच्या वाटेने जातो, आणि ती नोंद पुसली जायला बहुतेक स्विचांवर ३०० सेकंद लागतात. फ्लेक्स लिंक्समध्ये यासाठी वरच्या स्विचांना नवी वाट कळवणाऱ्या मॅक मूव्ह अपडेटची सोय आहे. ती पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या दोन्ही बाजूंना चालू करावी लागते.

आपल्याकडे या दोन्ही पद्धतींची खरी परीक्षा मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे तांब्याची केबल आणि फायबर जोडणारा डबा, घेतो. तांब्याची केबल १०० मीटरपलीकडे चालत नाही, म्हणून काट्यापर्यंत फायबर टाकतात आणि दोन्ही टोकांना स्वस्त कन्व्हर्टर बसवतात. मधली फायबर तुटली तरी स्विच आणि कन्व्हर्टर यांच्यातला तांब्याचा तुकडा शाबूत असतो, पोर्टची हिरवी लाइट तशीच चालू राहते. फ्लेक्स लिंक्सची बॅकअप अपलिंक पोर्ट डाउन होण्याची वाट बघते, म्हणून ती जागची हलत नाही. एलएसीपीचे निरोप मात्र येणं थांबतं. ते स्लो असेल तर ९० सेकंदांत आणि फास्ट असेल तर ३ सेकंदांत ती केबल बंडलमधून काढून टाकतं. एलएसीपी न वापरता जबरदस्तीने बांधलेलं बंडल सगळ्यात वाईट: निम्मी संभाषणं मेलेल्या केबलवरून जात राहतात, एका टेबलावर सॉफ्टवेअर चालतं, शेजारच्यावर चालत नाही, आणि सगळे अँटिव्हायरसला दोष देत बसतात. कन्व्हर्टर वापरायचाच असेल तर फायबर तुटल्यावर तांब्याची बाजूही पाडणारा, म्हणजे लिंक फॉल्ट पास-थ्रू असलेला घ्या. परवडत असेल तर फायबर थेट स्विचच्या एसएफपी पोर्टात लावा.

आणि दोन्ही केबली एकाच चरात टाकू नका. पाइपलाइनसाठी आलेली जेसीबी दोन्ही एका घासात तोडते. एक कंपाउंडच्या कडेने न्या, दुसरी शेडच्या वरून.

माझं मत विचाराल तर काट्याला दोन वेगळ्या स्विचांकडे जाणारी बॅकअप अपलिंक हवी, कारण त्याचा डेटा थोडा आहे पण तो थांबून चालत नाही. ऑफिस ते हॉल या मधल्या लिंकला बंडल द्या, कारण कॅमेऱ्यांचा भार तिथे पडतो. मग सीझन सुरू व्हायच्या आधी, गाड्या नसताना, काट्याच्या कॉम्प्युटरवर सर्व्हरला पिंग (सतत हाक मारून उत्तर येतं का बघणं) लावून ठेवा आणि मुख्य केबल काढा. तेवढ्यावर थांबू नका: फायबर कन्व्हर्टरच्या बाजूने काढून बघा, आणि शेवटी ऑफिसातल्या स्विचचा प्लगच उपटा. सर्व्हर त्याच स्विचला एका केबलीने लटकलेला असेल, तर ते या तिसऱ्या चाचणीत कळतं. त्याच्या दुसऱ्या लॅन पोर्टातून हॉलच्या स्विचपर्यंत एक केबल ओढून ते दोन्ही पोर्ट सर्व्हरवर अ‍ॅक्टिव्ह-बॅकअप टीममध्ये (एक चालू, दुसरा तयारीत) टाका आणि प्लग पुन्हा एकदा काढून बघा.