टीव्हीची डिश आणि इंटरनेटची डिश: जागा एकच चालेल का?

टीव्हीची डिश भिंतीवर आधीपासून आहेच, तर तिच्या शेजारीच उपग्रह इंटरनेटची डिश ठोकून टाकू, असं अनेकांना वाटतं. पण पहिलीला आकाशाची एक चीर पुरते, दुसरीला आकाशाचा मोठा भाग लागतो.

टीव्हीचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर, पृथ्वीच्याच गतीने फिरतात. म्हणून ते आपल्याला एका जागी खिळल्यासारखे वाटतात. साधारण ६० सेंटिमीटरच्या डिशची नजर जेमतेम तीन अंश रुंद असते. तेवढी वाट मोकळी असली की झालं, मग मागे दहा मजली इमारत का असेना. उंचीने सिग्नल वाढत नाही. उंच बसवायची सवय जुन्या अँटेनाच्या काळातली. उलट उंच पाइपवर डिश वाऱ्याने डुलते आणि दीड अंश हलली तरी सिग्नल निम्म्यावर येतो. माझं मत विचाराल तर हात पोहोचेल अशी पक्की भिंत गच्चीपेक्षा बरी. नट आवळायला शिडी लागत नाही.

समोरचा अडथळा मोजायला सोपा आहे. उपग्रह क्षितिजापासून ४५ अंश वर असेल, तर डिशपेक्षा तीन मीटर उंच असलेली भिंत डिशपासून किमान तीन मीटर दूर हवी. ३० अंशांवर असेल तर पाच मीटरहून जास्त. झाड असेल तर ते वाढणार हे धरूनच चाला. ओली पानं तर सिग्नल चांगलाच खातात.

इथे डोळा फसतो. घरगुती डिश बहुधा ऑफसेट असते, म्हणजे एलएनबी (डिशसमोरच्या दांड्यावरचा, सिग्नल पकडणारा भाग) मधोमध नसून खालच्या बाजूला. अशी डिश तोंडाच्या रोखापेक्षा वीस-पंचवीस अंश वर बघत असते. समोरच्या भिंतीत खुपसल्यासारखी दिसणारी डिश प्रत्यक्षात भिंतीवरून पलीकडे बघत असू शकते. खात्रीच करायची तर मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनांच्या आगेमागे काही दिवस सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो आणि काही मिनिटं चित्र बिघडतं. त्या वेळी ठरवलेल्या जागेवर ऊन पडत असेल, तर वाट मोकळी आहे.

इंटरनेटचं गणित वेगळं. स्टारलिंकसारख्या सेवेचे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवर असतात आणि काही मिनिटांत डोक्यावरून निघून जातात. डिश न हलता एकाला सोडून दुसऱ्याला धरते, त्यामुळे तिला सुमारे शंभर अंशांचा मोकळा घेर हवा. कडेला झाडाचा शेंडा आला तर नेट बंद पडत नाही, अधूनमधून काही सेकंद तुटतं. सिनेमा बघताना कळतही नाही, व्हिडिओ कॉलवर मात्र माणूस वाक्याच्या मध्येच गोठतो. म्हणूनच बसवल्या दिवशी वेग तपासून समाधान मानू नका. आधी त्या सेवेचं ॲप उघडून फोनच्या कॅमेऱ्याने आकाश फिरवून बघा. अडथळे त्यात दिसतात. बहुतेक घरांत उत्तर गच्ची किंवा छपराचा माथा हेच येतं, तेही पाण्याच्या टाकीपासून दूर.

काही इंटरनेट सेवा ३५,७८६ किलोमीटरवरच्या उपग्रहांवरूनही चालतात. त्यांना टीव्हीचाच नियम लावा. आणि पळत्या उपग्रहांची डिश टीव्हीच्या डिशसोबत एकाच खांबावर बसवायची असेल, तर जागा इंटरनेटच्या गरजेने ठरवा आणि टीव्हीची डिश खाली लावा, म्हणजे तिची कड वरच्या डिशच्या घेरात येणार नाही.